नवतप्यातली पेटी

नवतपा लागला की आमच्या अधारतालच्या घरातलं पहिलं काम म्हणजे कूलरमधली जुनी खस, म्हणजे वाळा, उपसून नवी भरणं. सूर्य रोहिणीत शिरतो आणि पुढचे नऊ दिवस जबलपूरवर आग ओततो, असं म्हणतात. बाकीच्या उन्हाळ्यात तो काय चांदणं शिंपत असतो, ते मला कधी कळलेलं नाही. यंदाही शनिवारी खस भरली, पंप सुरू केला आणि ओल्या खसचा पहिला गार झोत घरभर फिरला. सगळे ‘आहाहा’ म्हणाले. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना कणीक भिजवायला घेतली.

हा वास मला लहानपणापासून आवडायचा. गेल्या वर्षीपासून तो नकोसा वाटतो. गेल्या नवतप्यात माझ्या वडिलांनी त्यांच्या चेरीतालच्या घराच्या पडवीत एक लाकडी पेटी केली. पडवीच्या एका टोकाला कूलर आणि दुसऱ्या टोकाला बाबा, असे ते नऊ दिवस गेले. ओली खस आणि ताजं रंधलेलं लाकूड यांचा वास एकमेकांत इतका मिसळला की आता एक आला की दुसरा आपोआप आठवतो. पेटी सिगार ठेवायची होती, आणि बाबांनी उभ्या जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती.

सिगार ही फार नाजूक तब्येतीची वस्तू आहे, हे मला तेव्हाच कळलं. हवा कोरडी झाली की तिला तडे जातात, फार ओली झाली की बुरशी धरते. तिला बारा महिने सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. तो राखणारी एक खास पेटी असते, तिला ह्युमिडॉर म्हणतात. बाबांनी हा शब्द दोन दिवस तोंडात घोळवून पाहिला आणि सोडून दिला. ते तिला ‘सुधीरची पेटी’ म्हणत.

सुधीर म्हणजे माझा थोरला भाऊ, माझा दादा. तो कॅनडात असतो. आपली रविवारची सकाळ ही त्याची शनिवारची संध्याकाळ. त्या वेळी तो न चुकता व्हिडिओ कॉल करायचा. त्याचं आणि बाबांचं बोलणं ठरलेलं असे. "पाऊस आहे का?" "नाही. तिकडं?" "थोडी थंडी आहे." "स्वेटर घालत जा." "हो." एवढं झालं की बाबा फोन माझ्या हातात देत, आणि दोघंही सुटल्यासारखे दिसत. चौतीस वर्षं हे दोघं हवामानावर बोलत आले. वेधशाळेत असते तर दोघांनाही बढती मिळाली असती.

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी दादा गॅलरीत बसला होता. फोन लागला तेव्हा त्याच्या हातात एक जाडजूड सिगार होती. समोर बाबा दिसताच त्याचा हात झटकन खाली गेला. धूर मात्र खाली जाईना. तो दादाच्या कानामागून सावकाश वर चढत राहिला, आणि दादा त्या धुरातून विचारत होता, "ऊन फार आहे का?"

फोन बंद झाल्यावर बाबांनी तो माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "मंदे, पाहिलं तू?"

"जाऊ द्या ना बाबा. ओढतात तिकडं लोक."

"ओढण्याचं नाही बोलून राहिलो मी. ते तं वाईटच आहे. पण बावन्न वर्षांचा झाला तो. डोकं पांढरं झालं. अन् मला पाहून अजून हात लपवून राहिला."

त्या लपवण्यामागची गोष्ट आमच्या घरात चौघांनाच ठाऊक होती, आणि त्यातली आई सहा वर्षांपूर्वी गेली. दादा अठरा वर्षांचा असताना सिगरेट ओढताना सापडला. सापडला म्हणजे मी सांगितलं. मी चौदा वर्षांची होते, आणि त्यानं मला सायकल दिली नव्हती, एवढंच माझं कारण. बाबा नुकतेच ड्यूटीवरून आले होते, खिशात लाकडी फूटपट्टी होती. ती मोडेपर्यंत त्यांनी त्याला अंगणात मारलं. मार दादा विसरला असता. पण कॉलनीतले लोक कुंपणापाशी जमलेले असताना बाबा म्हणाले, "हा माझा पोरगा नाही." मी दाराआड उभी होते. मला दादाचा चेहरा दिसला, आणि माझ्या लक्षात आलं की सायकलचा हिशेब फार मोठा झाला.

पुढच्या वर्षी तो शिकायला बाहेर गेला, तिथून आणखी लांब गेला. आईच्या वेळी दहा दिवस आला, सगळं नीट केलं आणि परत गेला. भांडण असं दोघांचं नंतर कधी झालंच नाही, त्यामुळे मिटायचाही प्रश्न आला नाही. बाबांच्या पिढीतल्या बापांना माफी मागता येत नसे. फार झालं तर ते बाजारातून आंबे आणून गुपचूप टेबलावर ठेवत. पण कॅनडात आंबे कसे ठेवणार?

त्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या मुलीला, ईशाला, बोलावून घेतलं. ती सुट्टीत पुण्याहून आली होती. "हे सिगार ठेवतात कशात, ते पाहून सांग बरं फोनवर." ईशानं शोधून दाखवलं. बाबांनी चष्मा पुसून एकेक चित्र पाहिलं, बोटानं मोठं करून सांधे पाहिले. "अच्छा," म्हणाले. "म्हणजे डबाच आहे. फक्त श्वास घेणारा पाहिजे."

बाबा छत्तीस वर्षं संरक्षण खात्याच्या एका फॅक्टरीत सुतारखात्यात होते. तोफगोळे ज्या लाकडी पेट्यांमधून जातात, त्या पेट्या त्यांनी केल्या. किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात मात्र त्यांच्या हातचा साधा पाटसुद्धा नव्हता. आई मागायची, तर म्हणायचे, "हात सरकारी आहेत." लहानपणी माझ्या बाहुलीला पलंग हवा होता. तो मी चपलांच्या खोक्याचा केला. ब्याऐंशीव्या वर्षी, हात थरथरायला लागल्यावर, या माणसानं करवत काढली.

मी त्यांना घेऊन लाकडाच्या टालवर, म्हणजे वखारीत, गेले. बाहेरच्या अंगाला सागवान ठरलंच होतं. आतल्या अस्तराला परदेशात सीडर म्हणून एक सुगंधी लाकूड वापरतात, ते इथं कुठून मिळणार? बाबा फळ्यांच्या थप्पीपाशी गेले, एका लालसर फळीवर नख ओढलं आणि वास घेतला. "तून आहे. हे चालते." टालवाल्याला नवल वाटलं. "काय बाबूजी, इत्ती-सी लकडी को का बनाओगे? बिटिया के लाने कछू?"

"नहीं भैया," बाबा म्हणाले. "लडके के लिए है."

बिटिया शेजारीच उभी होती, डोक्यावर पदर, हातात फळी, कपाळावरून घाम. मी फळीचे पैसे दिले. पण ते मला लागलं, आणि ते लागलेलं मी नीट सांभाळून ठेवलं, हे आज कबूल करते.

मग काम सुरू झालं. पहाटे पाचला, ऊन चढायच्या आधी, बाबा पडवीत बसत. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही अधारतालहून लवकर येई. फळी घट्ट धरायला माणूस लागायचा, तो माणूस मी. करवत चालताना त्यांचा हात थरथरायचा. पण पटाशी लाकडाला टेकली की थरथर थांबायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रंध्यातून तूनची पातळ, लालसर साल निघायची आणि तिचा गोडसर वास पडवीत पसरायचा. दहा वाजता लू, ते भाजणारं वारं, सुरू झाली की दारं-खिडक्या लावून आम्ही कैरीचं पन्हं प्यायचो. बाबा पेला हातात धरून पेटीकडे बघत राहायचे. त्या दिवसांत ते माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं आधीच्या दहा वर्षांत बोलले नसतील. सगळं पेटीबद्दल.

"आतून पॉलिश नाही करायचं, मंदे. लाकडाचं तोंड बंद होते."

"हे अस्तर पाहून राहिली ना? ते काठाच्या वर सुताभर ठेवायचं. झाकण त्याच्यावर बसते. मग हवा नाही जात."

पाचव्या दिवशी त्यांनी झाकण पहिल्यांदा बसवलं. वरून सोडून दिलं तर ते आपटलं नाही. आतली हवा दबत दबत बाहेर निघाली आणि झाकण अगदी सावकाश खाली आलं. बाबांनी ते सात-आठ वेळा करून पाहिलं. मग वर्तमानपत्राची पट्टी मधे धरून ओढली, ती निघेना. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

ओलाव्याची गोष्ट मात्र त्यांच्या हातातली नव्हती. ईशानं एक छोटा काट्याचा मापक मागवला होता, हातातल्या घड्याळाएवढा. तो खरा की खोटा, हे पाहायची युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ते पाण्याच्या थेंबांनी ओलं करायचं आणि मापकासकट घट्ट डब्यात बंद करायचं. ओलं मीठ बंद डब्यात बरोबर पंचाहत्तर टक्के दमटपणा धरतं. आईचा लाडवांचा डबा काढला. दिवसभरानं उघडला तर काटा एकाहत्तरवर. बाबांनी मापकाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं, ‘अधिक ४’. मग तो झाकणाच्या आतल्या बाजूला बसवला.

पेटी झाली तरी तिला ‘पाणी पाजावं’ लागतं. नाहीतर कोरडं लाकूड सिगारमधलाच ओलावा पिऊन टाकतं. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं, स्वच्छ फडक्यानं आतून पुसलं, आत एक वाटी ठेवली. सकाळी काटा साठवर, दुपारी चाळिसावर. बाहेर सगळं जबलपूर भाजून निघत होतं, तिथं या एवढ्याशा पेटीनं काय करावं? बाबा दर दोन तासांनी झाकण उघडून बघत आणि उघडलं की असलेला ओलावाही पळून जाई. मी चिडायचे. "बाबा, सारखं उघडू नका ना!"

यावर तोडगा काढला तो बाबांकडे भांडी घासायला येणाऱ्या शांतीनं. ती घमापुरात राहते आणि घरी विड्या वळते. ती फडकं पिळता पिळता म्हणाली, "बाबूजी, पत्ते को ऐसे नहीं रखते. हम तो तेंदूपत्ता भिगो के, निथार के, गीले बोरे में लपेट देते हैं. फिर छूते नहीं. सबर करना पडता है. बार-बार खोलोगे तो वो क्या नरम होगा?"

बाबांनी तिला खुर्ची दिली. शांतीला आमच्या घरात खुर्ची मिळाली ती त्या दिवशी. पान किती ओलं, किती वेळ, हाताला कसं लागलं की समजायचं, हे सगळं त्यांनी तिला विचारून घेतलं, आणि मग पेटीला ओलं गोणपाट गुंडाळून चार दिवस हात लावला नाही. हात लावला नाही म्हणजे शेजारी खुर्ची टाकून बसले.

इथपर्यंत सगळं गोडच होतं. एका रविवारी मी म्हटलं, "बाबा, दादाला दाखवू या ना. खूश होईल."

"नाही. अजून पास झाली नाही."

फॅक्टरीतली रीत अशी, की पेटी कितीही चांगली झाली तरी तपासनीस येऊन मापं घेत नाही आणि ‘पास’चा शिक्का मारत नाही, तोवर ती गेटबाहेर जात नाही. तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही. छत्तीस वर्षं हे अंगात मुरलेलं. बाबांनी स्वतःच ठरवलं, की काटा सलग तीस दिवस सत्तरच्या आसपास राहिला तरच पेटी पास. "पास झाली का मीच सांगीन त्याला. माझ्या तोंडानं. तू मधात बोलू नको. शपथ आहे तुला."

"अन् काय सांगाल?"

त्यांनी सहाणेवर पटाशी घासायला घेतली. घासता घासता म्हणाले, "सांगीन का, माझ्यासमोर ओढ बाबा. लपवू नको."

मी आयुष्यात त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यांत मोठं वाक्य. ते ज्याच्यासाठी होतं त्याला ते सांगायचं राहिलं, आणि त्यात माझा हात आहे.

नवतपा संपला, पाऊस आला, आणि आता काटा उलटा पळायला लागला. ऐंशी. पंच्याऐंशी. वाटी काढली, कोरडी हवा द्यायला झाकण उघडं ठेवलं, पुन्हा बंद केलं. दर वेळी मोजणी पहिल्या दिवसापासून. दादा दर रविवारी विचारायचा, "पाऊस कसा आहे?" आणि बाबा म्हणायचे, "फार आहे. काही वाळत नाही." दादाला वाटायचं, कपड्यांबद्दल बोलताहेत. मी बाजूला बसून हे ऐकायचे आणि मला हसू यायचं. आता आठवलं की कसंतरी होतं. इतके रविवार हातात होते. नापास तर नापास, पेटी दाखवून टाकली असती!

गणपती उठले त्याच्या चार दिवसांनी तीस दिवस भरले. बाबांनी पेटी उलटी केली, तळावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं ‘पास’ लिहिलं आणि खाली तारीख घातली. गुरुवार होता. "रविवारी सांगतो," म्हणाले. शुक्रवारी सकाळी न्हाणीघरात त्यांना झटका आला.

दहा दिवस दवाखान्यात काढून घरी आणलं तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. डोळे मात्र पूर्ण जागे. डॉक्टर म्हणाले, धोका टळला. दादानं पुढच्या आठवड्याचं तिकीट काढलं. तो यायच्या आधीच्या रविवारी मी फोन बाबांसमोर धरला. दादाचा आवाज ऐकताच बाबांचा डावा हात उठला. त्यांनी समोरच्या फळीकडे बोट दाखवलं. फळीवर पेटी होती. तोंडातून नुसता ‘आ, आ’ असा आवाज येत होता. ते एकदा फळीकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते.

"मंदा, बाबांना पाणी हवंय वाटतं," दादा म्हणाला. "दे ना ग लवकर."

मला सगळं कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. ‘दादा, बाबांनी तुझ्यासाठी एक पेटी केली आहे.’ मला फक्त उठून ती फोनसमोर धरायची होती. मी शपथेमुळे गप्प बसले, असं पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. त्या क्षणी माझ्या मनात आलं, की दहा दिवस मी यांचं सगळं करते आहे, वीस वर्षं रोज येते आहे, आणि आता बोलता येत नाही तरी यांना आठवण त्याचीच. मला दादाचा हेवा वाटला. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, शाळेत पोरींना गणित शिकवते, आणि मरणाच्या दारात असलेल्या बापापाशी बसून भावाचा हेवा करते. बाबांनी दादाला मारलं तेव्हा तेही अठ्ठेचाळीसचेच होते.

मी चमच्यानं पाणी पाजलं. बाबांनी तोंड फिरवलं. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. हात खाली आला. चौथ्या दिवशी ते गेले.

मुखाग्नी द्यायला दादा पोचला नाही. तेरवीपर्यंत मात्र राहिला, सगळं शांतपणे केलं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बाबांची खोली आवरत होतो. त्यानं फळीवरची पेटी उचलली. मी हातातलं काम सोडून उभी राहिले. काय सांगायचं ते मी तेरा दिवस मनात जुळवलं होतं.

त्यानं झाकण उघडलं. आत पाहिलं, तूनच्या अस्तरावरून अंगठा फिरवला, वास घेतला. झाकण सोडलं. ते सावकाश खाली आलं, तसं त्यानं ते पुन्हा उघडलं आणि पुन्हा सोडलं, अगदी बाबांसारखं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती सुबक केली आहे. तुझ्यासाठी केली का ग?"

मी म्हटलं, "हो."

"जपून ठेव मग," तो म्हणाला, आणि त्यानं ती माझ्या हातात दिली.

का म्हटलं मी ‘हो’? आता खरं सांगितलं तर तो कोसळेल, म्हणून म्हटलं, असं मी नवऱ्याला सांगितलं. अर्धं ते खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की एका क्षणापुरती मला ती पेटी माझी असावीशी वाटली. बाबांनी माझ्यासाठी काहीतरी केलं, असं कोणीतरी म्हणालं, आणि मला ते नाकारवलं नाही. चौदाव्या वर्षी जे सांगायला नको होतं ते मी धावत जाऊन सांगितलं, आणि जे सांगायलाच हवं होतं तिथं दोनदा तोंड मिटून घेतलं.

पेटी अधारतालला आली. माझ्या कपाटावर राहिली. मी तिच्यात काही ठेवलं नाही. चोरीच्या वस्तूत काय ठेवायचं? थंडीत एकदा तिला पाणी पाजायला घेतलं आणि तसंच सोडून दिलं. दादा रविवारी फोन करत राहिला. आता हवामानाचे प्रश्न तो मला विचारतो. बाबा नसले तरी कोणीतरी उत्तर द्यायला हवं ना.

शनिवारी कूलर सुरू झाला आणि मी कणीक मळत होते, तेव्हा ईशा आतून ओरडली, "आई, ही पेटी तर मामाची होती ना? आजोबांनी मामासाठी केली होती. इथं काहून आहे?"

"मामानंच ठेवायला दिली," मी म्हटलं. आणखी एक खोटं.

ती पेटी घेऊन स्वयंपाकघरात आली. "म्हणजे त्याला आवडली नाही?"

"त्याला माहीतच नाही ग कसली पेटी आहे ते."

"काय बोलून राहिली तू, आई?" ईशा हसली. "तो सिगार ओढतो. झाकण उघडल्या उघडल्या समजलं असेल त्याला. आणखी कोण ठेवतं असा मीटर लावून? तुझ्या बांगड्यांना काय सत्तर टक्के लागतं?"

माझे हात पिठात तसेच राहिले. आठ महिने मी समजत होते, की मी त्याला फसवलं. त्यानं झाकण उघडलं, काटा पाहिला, बापानं काय केलं आहे आणि कोणासाठी, ते एका क्षणात ओळखलं, आणि मग मला विचारलं, ‘तुझ्यासाठी केली का ग?’ त्यानं मला खरं बोलायला जागा दिली होती. मी ‘हो’ म्हणाले, तर त्यानं तेही चालवून घेतलं.

काल रविवार होता. त्याचा फोन आला. "ऊन फार आहे का?"

"दादा, ती पेटी तुझी आहे," मी म्हटलं.

त्यानं फोन जवळ धरला. मग, "माहीत आहे."

"मग तू तेव्हा काहून नाही बोललास?"

"तू हो म्हणालीस ना. इतकी वर्षं बाबांचं सगळं तू केलंस. मला वाटलं, एवढं तरी तुझ्याकडं राहावं."

मग मी सगळं सांगितलं. टालवर काय झालं ते, शांतीचं गोणपाट, पास-नापास. त्या रविवारी बाबांना पाणी नको होतं, हे सांगितलं. मी का बोलले नाही, तेही, जसंच्या तसं. आणि सहाणेवर पटाशी घासता घासता बाबा जे वाक्य म्हणाले होते, ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं. दादानं फोन बाजूला ठेवला. मला नुसतं छत दिसत होतं, आणि त्याचं रडणं ऐकू येत होतं. त्या अंगणातसुद्धा तो रडला नव्हता. मी त्याला थांबवलं नाही, माझंही तेच चाललं होतं.

पुष्कळ वेळानं तो परत दिसू लागला. मी म्हटलं, "दादा, ये आणि घेऊन जा."

"आता तिथं कोणाकडे येऊ ग?" तो पटकन बोलून गेला. मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो ओशाळला. "म्हणजे तसं नाही, मंदा..."

एरवी मला हे लागलं असतं आणि मी ते जपून ठेवलं असतं. पण काल मी म्हटलं, "माझ्याकडे ये." इतक्या वर्षांत मी त्याला हे कधी म्हटलंच नव्हतं. बाबांकडे ये, आईसाठी ये, सणाला ये, असंच म्हणत आले होते.

तो हो म्हणाला. केव्हा, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.